त्याच पाण्यात एक वर्ष

मुलींचे वसतिगृह, अहमदनगर
२४ नोव्हेंबर १९४६

प्रिय वहिनी,

तुझं कार्ड आलं. त्यात दादाचा खोकला आहे, तुरीला भरलेल्या शेंगा आहेत, शेजारच्या मुबारकबींनी पाठवलेला शिरखुर्मा आहे. पेटीबद्दल एक ओळ नाही. मी कार्ड उलटून, उजेडात धरून पाहिलं. अगं, मला तेवढंच हवं होतं!

तू म्हणशील, वन्संचं हे नेहमीचंच. पण संक्रांत जवळ आली आणि माझं कशात लक्ष लागत नाही. वर्गात मुलींना पानांचे प्रकार शिकवते आणि मधेच मिरजगावच्या आपल्या खिडकीत पोहोचते. गेल्या संक्रांतीला आप्पा ओसरीवर काय म्हणाले ते तू दाराआडून ऐकलंच होतंस. "बी.एस्सी. झालीस, घरान्यात पैली झालीस, आमची मान वर झाली. आता आनखी दोन सालं पुन्याला कशापायी?" मी म्हटलं, पाण्यातल्या वनस्पती शिकायच्यात. तर केवढे हसले! "पान्यातलं गवत? ते म्हशीला बी ठावं हाय." मग मी काचेच्या पेटीचं सांगितलं. तळाला वाळू, बारवेचं पाणी, त्यात पट्टीसारख्या पानांची झाडं आणि चार मासे. झाडांनी माशांना प्राणवायू पुरवायचा, माशांच्या घाणीवर झाडांनी वाढायचं, पाणी बदलायचं नाही. आप्पा म्हणाले, बंद पाण्याला आठ दिवसांत वास मारेल. मी म्हटलं, वर्ष काढून दाखवते.

आणि पैज लागली. तीच झाडं, तेच पाणी, संक्रांत ते संक्रांत. जगली तर जूनमध्ये एम.एस्सी.साठी पुण्याला. मेली तर कर्जतच्या श्रीमंतरावांच्या घरची माणसं मला बघायला येणार, आणि त्यांनी होकार दिला तर मी नकार द्यायचा नाही. आप्पा जत्रेच्या कुस्त्यांना पंच असतात. दिलेल्या निकालातून ते आजवर कधी मागे सरलेले नाहीत, माझ्यासाठीही सरणार नाहीत.

इथली माझी खोली उत्तरेकडची, उन्हाचा कवडसा येत नाही. तसं नसतं तर पेटी तुझ्या गळ्यात मारलीच नसती. तेव्हा कृपा करून लिही. सकाळचं ऊन येतं ना? दहाच्या सुमाराला खिडकीवर धोतराचं फडकं ओढतेस ना? फार ऊन झालं तर सगळं पाणी हिरवं होईल. आटेल तेवढंच पाणी घाल, तेही बारवेचंच. आणि माशांना भाकरीचा चुरा घालायचा मोह आवर. उरलेला चुरा कुजतो.

माझ्या मनात काय आहे ते तुला एकदा सांगितलंय. आपल्या तालुक्यातल्या किती बारवांना वास येतो, आणि तेच पाणी बायका डोक्यावरून घरी नेतात. कुठल्या झाडानं पाणी स्वच्छ राहतं हे कुणी नीट पाहिलेलंच नाही. मला पाहायचंय.

तुझी,
राही


मिरजगाव
१ डिसेंबर

राहीवन्सं यांस लंकाचा नमस्कार.

चुकलं माझं. पेटीचं लिवायचं ऱ्हायलं, कार्डावर जागा संपली. आता गनीभाईच्या दुकानातून कागदच आनला. तुमचं पत्र बी त्यांच्याच दुकानावर आलं. ते म्हनले, "लंकाबाई, नगरची बाई लई लांब लिवती, टपालवाल्याचा खांदा गेला."

पेटी चांगली हाय. ऊन येतंय, फडकं ओढती. समोरची काच तेवढी पुसती, मागचं हिरवं तसंच ठिवलंय, तुमी म्हनला तसं. आन एक सांगायचं म्हंजी कोपऱ्यातल्या झाडानं वाळूवरनं एक दोरी सोडली हाय, दोरीच्या टोकाला पिलू झाड. इतकुसं. मी मुबारकबीला हाक मारून दावलं. ती रोज दुपारी येती बघाया. मोठ्या माशाला तिनं नाव ठिवलंय, माझी ननंद. "कुनी तोंड हलवलं का ही आली पळत." मी म्हनलं, बी, माझ्या बी ननंदेचंच घर हाय हे, जपून बोल.

आत्याबाई म्हनत्यात, "एवढी निगा कोंबड्यांची केली आसती तर अंडी तरी खाल्ली आसती." पर तुमी गेल्यापास्नं त्या बी जाता येता बघत्यात. मामंजी बघत न्हाईत. खिडकीवरनं जाताना मान फिरवत्यात.

पानी बदललं न्हाई. भाकर घालत न्हाई. तुमी नीट जेवा.

लंका


अहमदनगर
९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

दोरी! त्या दोरीवर मी दोन दिवस जगले. त्याचा अर्थ झाड नुसतं तग धरून नाही, ते पसरतंय. त्याला ते पाणी मानवलंय. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं तर त्या चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "राहीबाई, घरी बाळ झालं की काय?"

काल आम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर मुलींना ग्रहण दाखवलं. चंद्र खाऊन टाकल्यासारखा दिसायला लागला तेव्हा धाकट्या मुली एकमेकींना चिकटून बसल्या. मी त्यांना कंदील, चेंडू आणि लिंबू घेऊन पृथ्वीची सावली समजावली. तरी ग्रहण सुटेपर्यंत कुणी घोटभर पाणी घेईना. मग मी त्यांच्यासमोर तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. "बघा, मला काही झालं का?" एक चिमुरडी म्हणाली, "उद्या होईल." आज सकाळी ती मला बघून गेली, मी धडधाकट. मला वाटतं, अशा एकेका घोटानंच हे सगळं जाईल.

नाताळच्या सुट्टीत येणार होते, पण मॅट्रिकच्या मुलींचे जादा तास आहेत. थेट संक्रांतीलाच येईन. पिलू झाडानं मूळ धरलं का ते लिही. लगेच लिही. मी टपालाची वाट बघत फाटकापर्यंत दोनदा जाते, पहारेकरी आता मला हसतो.

तुझी,
राही


मिरजगाव
२२ डिसेंबर

राहीवन्सं यांस,

पत्राला उशीर झाला. तुरीची सोंगनी चालू हाय. ह्यांचा खोकला कमी हाय.

पेटी झ्याक हाय. पानी आरशावानी दिसतंय. झाडं पार वरपातूर आली, लई फांद्या फुटल्या. मासे चार बी हायेत. काळजी करू नका.

मधी यायची तसदी घिऊ नका, थंडी लई पडली. एकदम संक्रांतीलाच या.

लंका


अहमदनगर
२५ डिसेंबर

वहिनी,

माझ्या झाडांना फांद्या फुटत नाहीत. त्यांना बुंधा नसतो, फांद्या नसतात. वाळूतून नुसती लांब पानं निघतात, गवताच्या ठोंबासारखी. वर्षभर रोज बघून तुला हे माहीत नाही असं होणार नाही.

म्हणजे पेटीत आता वेगळं काहीतरी आहे. माझी झाडं गेली. कधी गेली, कशानं गेली, तू एका अक्षरानं कळवलं नाहीस. उलट "झ्याक हाय" लिहिलंस, आणि मी मधे येऊ नये म्हणून थंडीचं निमित्त काढलंस.

रात्रभर विचार केला. घरात सगळ्यांना मी कर्जतला गेलेली हवी आहे. आईला हवी आहे, दादाला हवी आहे. तू तरी वेगळी असशील असं मी का धरून चालले? नणंद सासरी गेली की घर सुनेचं होतं, हे मला कळायला हवं होतं. संक्रांतीपर्यंत मला गोड बोलून थोपवायचं, आणि मग आप्पांसमोर पेटी उघडी पाडायची, असंच ना?

तू माझी झाडं मारलीस का, एवढंच लिही. हो किंवा नाही.

राही


मिरजगाव
२ जानेवारी १९४७

राहीवन्सं,

व्हय. मीच मारली.

तुमचं पत्र वाचलं त्या दिशी मला सैपाक सुचला न्हाई. मुबारकबी म्हनली, "लिव समदं, नायतर मी गनीभाईकडनं लिवून घीन." म्हून लिवती. शेवटपातूर वाचा, मंग काय म्हनायचं ते म्हना.

गरानाच्या आदल्या दिशी आत्याबाई म्हनल्या, "उद्या घरातलं समदं साठलेलं पानी टाकायचं. रांजन, घागरी, हंडा. आन ती पेटी बी." मी म्हनलं, आत्याबाई, ते प्यायचं पानी न्हाई, त्यात तुळशीचं पान टाकू. त्या म्हनल्या, "तुळशीचं पान मासं मुतलेल्या पान्यात? आगं देव काय म्हनंल! गरानाचं पानी घरात ऱ्हायलं का घराला सुतक लागतंय." आमच्या घरात कवा ऱ्हायलं न्हाई, तुमाला ठावं हाय. तुमाला त्या दिशी आठवलं कसं न्हाई? तुमी तिकडं पोरींला गरान दावत हुता, तांब्याभर पानी पीत हुता, तवा आमी इकडं पानी वाहत हुतो.

मुबारकबीच्या घरात गरान पाळत न्हाईत. तिला म्हनलं, काय करू? ती म्हनली, "आन माझ्याकडं." गरानाच्या दिशी सांजच्या पारी आत्याबाई देवळात गेल्या तवा आमी दोघींनी पेटीचं समदं पानी तिच्या घागरीत भरून तिच्या परड्यात नेलं. मासं बादलीत, झाडं वल्या पोत्यात. वाळू तेवढी पेटीत ऱ्हायली. आत्याबाईला वाटलं पानी टाकलं. दुसऱ्या दिशी आंघोळी झाल्यावर समदं परत आनून वतलं. थेंब सांडला न्हाई वन्सं, तेच पानी हाय. आत्याबाईला वाटतंय नवं भरलं.

मंग मी झाडं लावली. ती नीट हुभी ऱ्हाईनात, वर यायची. म्हून वांग्याचं रोप लावतो तसं गळ्यापातूर वाळूत गाडली, वरनं दाबली. आन लई दमली आसतील म्हून बुडाशी चिमूटभर शेनखत दिलं. जुनं, चांगलं कुजलेलं.

चार दिसांत मधनं काळी पडली. पानी गढूळ, वास. आठ दिसांत उपटली तर हातात लगदा. पिलू बी गेलं. तवा म्या आन मुबारकबीनं बारवेच्या पायऱ्यांवरनं दुसरं गवत आनून लावलं, ते फांद्यांचं. पानी मंग आपसूक निवळलं.

तुमी हरू ने म्हून मी खोटं लिवलं. घर माजं व्हावं म्हून न्हाई. तुमी गेल्या तर ह्या घरात मला चार शब्द शिकवनारं कोन ऱ्हातंय?

आजून कुनाला कळलं न्हाई. मामंजींना गवतातलं काय कळतंय? हिरवं हाय, मासं जित्तं हायेत, पानी तेच हाय. तुमी संक्रांतीला या, गप ऱ्हावा, आन जूनला पुन्याला जावा. तुमच्या पायाशपथ, मी कंदी बोलनार न्हाई. मुबारकबी बी न्हाई.

लंका


अहमदनगर
५ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला काय काय बोलून बसले! तू घागरी वाहून पाणी राखलंस आणि मी तुला "घर सुनेचं होतं" म्हणून लिहिलं. ते पत्र चुलीत घाल. माझ्या देखत घालणार असशील तर संक्रांतीपर्यंत ठेव.

ग्रहण मला आठवायला हवं होतं. आईचे रांजण पालथे घालताना लहानपणापासून बघितलंय. मला वाटलं होतं, मी तांब्या तोंडाला लावला म्हणजे जग बदललं. माझंच घर माझ्या डोक्यातून गेलं.

आणि वांग्यासारखी लावलीस यात तुझं काय चुकलं? या झाडाची पानं जिथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर उघडा ठेवायचा असतो, नाहीतर गुदमरतो. खत तर मुळीच नको, माशांचंच पुरतं. मी तुला ऊन, पाणी, चुरा सगळं सांगितलं, लावायचं कसं ते सांगितलंच नाही. उपटायची वेळ येईल असं माझ्या मनातच नव्हतं.

पण गप्प राहणं माझ्याच्यानं होणार नाही. रात्री मी स्वतःलाच पटवत होते, पाणी तेच आहे, झाडं तर हिरवी आहेत, आप्पांना काय कळतंय. हे शेवटचं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. ज्या माणसाला कळत नाही त्याला हिरवं दाखवून फसवायचं, तर मग मी पुण्याला जाऊन शिकणार तरी काय? उद्या बारवेच्या पाण्याबद्दल मी लोकांना काही सांगेन, ते त्यांनी का खरं मानावं?

म्हणून सोबत आप्पांना वेगळं पत्र लिहिलंय. पाणी तेच राहिलं, झाडं मेली, पैज मी हरले. आईबद्दल आणि तुझ्याबद्दल त्यात एक शब्दही नाही, निगा कमी पडली एवढंच आहे. कर्जतची माणसं येऊ देत. दादाला सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांग.



तुझी,
राही


मिरजगाव
९ जानेवारी

वन्सं,

तुमी माझं नाव घातलं न्हाई. मीच घातलं.

काल ओसरीवर ह्यांनी तुमचं पत्र वाचलं. मामंजी बाजंवर, आत्याबाई जात्यापाशी, मी दाराआड. वाचून झालं तवा मामंजी म्हनले, "हरली म्हनायची." पर आवाज जितल्यावानी न्हवता. पागुट्याचा शेव सारका करीत बसले. मंग म्हनले, "सहादेव, कर्जतला निरोप धाड."

आता वन्सं, लगीन होऊन सहावं साल, मी मामंजीपुढं तोंड उघडलेलं न्हाई. पानी बी दाराच्या आडनंच देती. पर निरोप धाड म्हनले आन माझे पाय आपसूक भाईर. डोईवरचा पदर धरून हुभी ऱ्हायली. आत्याबाई म्हनल्या, "आगं लंके!"

मी म्हनलं, "मामंजी, फडावर कुस्ती चालू आसताना भाईरच्या मान्सानं एका गड्याचा पाय वढला, तर ती कुस्ती तुमी कशी धरता?"

मंग मी समदं सांगितलं. गरान, घागरी, वांग्यावानी लावलेली झाडं. वन्संचा पाय आमी घरच्यांनीच वढला, म्हनलं.

आत्याबाई म्हनल्या, "म्हंजी? गरानाचं पानी परत घरात आनलं? टवळे! आन मी त्याच्यापुढनं देवाला निवद नेत हुते!" त्या लई बोलल्या. मला, मुबारकबीला, तुमाला, माशांना बी. मामंजी म्हनले, "मालन, थांब जरा."

माझ्याकडं बघितलं न्हाई. ह्यांच्याकडं तोंड करून म्हनले, "सहादेव, तिला सांग, आसली कुस्ती धरत न्हाईत. सोडवत्यात आन पुन्ना लावत्यात."

हे म्हनले, "आप्पा, ती हितंच हाय, तिनं आयकलं."

"तू सांग तिला," म्हनले.

तर वन्सं, ह्या संक्रांतीपास्नं पुढल्या संक्रांतीपातूर. कर्जतला निरोप गेला न्हाई. पेटी आता ओसरीवर, मामंजींच्या बाजंपाशी, कुनी हात लावायचा न्हाई म्हनले. आत्याबाईनी इचारलं, "आन मंग पुढल्या गरानाला?" तर म्हनले, "त्या दिशी मी बसतो तिथं. सुतक मला लागंल."

पर तुमचा हा जून गेला. पुरतं साल गेलं. ते मी आनून दिऊ शकत न्हाई.

येताना तुमच्या हातानं नवी झाडं लावा. मी बघती कशी लावायची.

लंका


अहमदनगर
२३ जानेवारी

ती. आप्पांस राहीचा शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीला आले तेव्हा आपण दोघं फार बोललो नाही. पुन्हा झाडं लावताना तुम्ही बाजेवर पाठ करून बसला होतात. म्हणून लिहिते.

तुम्ही निकाल दिलात तो मला मान्य आहे. पुण्याला ज्यांच्या हाताखाली शिकायचं होतं त्या प्राध्यापिकाबाईंना सगळं खरं कळवलं. त्यांचं उत्तर आलं. या जूनची जागा दुसऱ्या मुलीला जाईल, पुढच्या जूनला आपल्याकडे जागा असेलच असं वचन देता येत नाही, पण झाडं जगली तर येऊन भेट, असं म्हणतात. मला चैन पडत नाही. कधी वाटतं, हे वर्ष सरेपर्यंत सगळं हातचं जाईल. कधी वाटतं, जाऊ दे, मी पुन्हा लावीन.

लावून झाल्यावर पहिला पंधरवडाभर झाडं रुसल्यासारखी दिसतात. घाबरू नका, उपटून बघू नका. बाजेच्या त्या बाजूला ऊन दहानंतरही येतं, तिथं फडकं टांगायला दादाला सांगा. वहिनीला विचारलंत तर तिला सगळं माहीत आहे.

आपली,
राही


मिरजगाव
६ फेब्रुवारी

चि. राहीस आप्पाचा आशीर्वाद.

फडकं मीच टांगलं. सहादेवला वेळ न्हवता.

श्रीमंतच्या बापाला सांगून धाडलं का वर्षभर जमायचं न्हाई. थांबायचं तर थांबा, न थांबायचं तर तुमची मर्जी. तू उगी काळजी करू नको, पर मी हरायला बसलो हाय आसं बी समजू नको. बंद पान्यात गवत जगत न्हाई ह्ये माझं म्हननं कायम हाय.

काल मांजर पेटीवर बसलं हुतं, त्याला हुसकलं. गनीभाई तंबाखूचे हात घिऊन काचेला लावत हुता, त्याला बी हुसकलं. तुझी आई लांबनंच बघती.

मधल्या झाडाचं एक पान कालपास्नं पिवळं दिसतंय. बुडाकडनं. बाकीची बरी हायेत, सकाळी उन्हात बघितली. तुझी आई म्हनती खुडून टाका. लंका दारातनं म्हनती, वन्संला इचारल्याबिगर हात लावू नका. मी कातर घिऊन बसलोय. ते पान खालनं कापायचं का तसंच ठिवायचं, उलट टपाली कळव. उशीर करू नको.

आप्पा